सुटका झालेल्या मुलींचा पत्ता कोणाकडे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात महिन्या-दोन महिन्यांनी एक बातमी येते. किनारी भागातल्या एखाद्या फ्लॅटवर छापा, इतक्या तरुणींची सुटका, दलाल अटकेत, तरुणींची रवानगी संरक्षणगृहात. बातमी तिथंच संपते. अशा एका बातमीत मी होते. नाव नव्हतं. 'पंचांसमक्ष', म्हणजे झडतीला पोलिसांसोबत उभ्या राहणाऱ्या साक्षीदारांसमोर, असा शब्द त्यात होता ना, तिथं मी होते.

मी पोस्टात काउंटरवर ३३ वर्षं काढली आणि २०१९ साली निवृत्त झाले. राहते गोव्यात, बार्देशात, समुद्रापासून चालत वीसेक मिनिटांवर. २०२२ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पाच दिवसांवर आली होती. रात्रीचे साडेनऊ झालेले, मी नेवऱ्यांचं सारण भाजत होते, आणि पोलीस स्टेशनमधला एक ओळखीचा हवालदार दारात येऊन उभा राहिला. "मावशी, पांच मिनटांचें काम." त्या पाच मिनिटांना पहाटेचे सव्वातीन वाजले. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा १९५६ चा आहे, त्याच्या कलम १५ प्रमाणे झडतीच्या वेळी दोन तरी पंच लागतात आणि त्यांत एक तरी बाई असावी लागते. आता गावात पंच म्हणून उभी राहायला बाई कुठून मिळणार? नवरे नको म्हणतात, मुलगे नको म्हणतात, आणि पुढच्या कोर्टाच्या फेऱ्या कोणाला हव्यात? म्हणून मग निवृत्त सरकारी नोकर शोधून काढतात. आमचे हे तेव्हा होते. ते एवढंच म्हणाले, "जा, पण चष्मा घेऊन जा."

आधी स्टेशनवर पाचशेच्या नोटांचे नंबर उतरवून घेतले. त्या नोटा बनावट गिऱ्हाईकाला दिल्या, मग गाडीत बसलो. इमारत नवी, लिफ्ट बंद, तिसरा मजला. दारावर आंब्याच्या पानांचं प्लास्टिकचं तोरण. आत दोन खोल्या, आणि दुसऱ्या खोलीत पलंगाच्या कडेला एक मुलगी पाय जुळवून बसली होती. बँकेत आपला नंबर यायची वाट बघत बसतात ना, अगदी तशी. वय २२ निघालं. तिचं नाव, गाव, राज्य यांतलं काहीही मी लिहिणार नाही. ब्यूटी पार्लरमध्ये काम आहे सांगून आणलं होतं, आधार कार्ड दलालाकडे होतं. बाकीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते तीच.

पोलिसांबद्दल त्या रात्रीपुरती माझी काही तक्रार नाही. कायद्यात सांगितल्याप्रमाणे दोन महिला पोलीस होत्या. कोणी अरेतुरे केलं नाही. बाहेर पडताना त्यांतल्या एकीने आपला रेनकोट मुलीच्या अंगावर घातला आणि स्वतः भिजत गाडीपर्यंत गेली.

मला सांगायचं आहे ते मोबाईलचं. पंचनाम्यात तिचा मोबाईल जप्त झाला. 'एक वापरता मोबाईल संच, काळ्या रंगाचा, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यास तडा, मागे पिवळ्या फुलाचे स्टिकर' असं लिहिलंय, त्यातलं स्टिकर मी लिहायला लावलं. मग त्याचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या एकाच मोबाईलची ओळख, हवा होता. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की पंधरा आकडी नंबर स्क्रीनवर येतो. तिनेच मोबाईल उघडून दिला, मी आकडे मोठ्याने वाचले, हवालदाराने लिहिले, मग त्याने वाचले आणि मी ताडून पाहिले. पोस्टातली सवय, आकडा चुकता कामा नये. पाकिटात घालून तोंड बंद केलं, लाख लावली, चिठ्ठीवर आम्हा दोघा पंचांच्या सह्या झाल्या. आणि तेव्हा ती मला म्हणाली, "आंटी, माँ का नंबर उसी में है। मुझे याद नहीं।"

हल्ली कोणाला कोणाचा नंबर पाठ असतो? मला माझ्या मुलाचा येत नाही. मोबाईल उघडा माझ्या हातात होता तेव्हा दोनदा बोट लावलं असतं तर तो दहा आकडी नंबर मिळाला असता. मला सुचलं नाही, पोलिसांनाही सुचलं नाही. लाख लागल्यावर पाकीट फोडणं कोणाच्याच हातात नव्हतं. "कोर्टात अर्ज करून मिळेल," असं तिला सांगितलं गेलं. कोणत्या कोर्टात, कोणी अर्ज करायचा, हे विचारण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

खरं म्हणजे हे मला नवं नव्हतं. १९८६ पासून बरीच वर्षं मी वास्कोला मनीऑर्डरच्या काउंटरवर होते. बायणा म्हणजे वास्कोच्या किनाऱ्यावरची देहविक्रयाची वस्ती. तिथल्या बायका महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायच्या, बहुतेक कर्नाटकातल्या आणि आंध्रातल्या. वीस रुपयांना एक रुपया कमिशन. फॉर्म मीच भरून द्यायचे. मला कानडी-तेलुगू येत नव्हतं, त्यांची कोंकणी तोडकी, पण पत्ता सांगताना कोणी अडखळायची नाही. गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, सगळं पाढ्यासारखं. फॉर्मच्या तळाला निरोपाला थोडी जागा असे. 'मी बरी आहे, हॉटेलात काम आहे' हाच निरोप मी शेकडो वेळा लिहिला असेन. एकीने मात्र एकदा 'पोरीला शाळेतून काढू नका' असं लिहायला लावलं होतं आणि लिहून झाल्यावर ते नीट लिहिलंय ना म्हणून दोनदा वाचायला लावलं होतं.

पैसे पोचले की घेणाऱ्याच्या सहीची नाहीतर अंगठ्याची पावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. २००४ च्या जूनमध्ये, पाऊस लागतालागता, सरकारने बायण्याची ती वस्ती पाडली. आधी उच्च न्यायालयात प्रकरण झालं होतं, पुनर्वसनाचा विषय निघाला होता, हे सगळं खरं. माझ्यापुरतं सांगते. जुलैत त्या मनीऑर्डरींच्या पावत्या यायला लागल्या. आमचा पोस्टमन घेऊन जायचा आणि तशाच परत आणायचा. घरच जागेवर नाही तर टाकायच्या कुठे? निळे अंगठे उठलेल्या एकोणीस पावत्या माझ्या ड्रॉवरमध्ये साठल्या होत्या. नियमाप्रमाणे ठेवायचे तेवढे दिवस ठेवल्या आणि मग वर पाठवून दिल्या. वस्ती गेली, पण धंदा काही गेला नाही. एका किनाऱ्यावर होता तो लॉजमध्ये, मसाज पार्लरांत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये पसरला, आणि त्या बायका कुठे गेल्या ते विचारायला कोणी काउंटरवर आलं नाही. 'अर्ज' या संस्थेची माणसं तेवढी वास्कोत चिकाटीने काम करत राहिली. त्यांनी पुढे अशा बायकांना पगारी काम मिळावं म्हणून मशीनवर कपडे धुण्याची लॉन्ड्री काढली. भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. महिन्याला पगार हातात देणारं तेवढं एकच काम मी पाहिलं.

असो. माझ्या केसचं समन्स आलं २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे अडीच वर्षांनी. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. तिसऱ्या तारखेला माझी साक्ष झाली. दाराचा रंग कोणता होता, पाऊस पडत होता का, जिन्याला पायऱ्या किती, आणि मग, "तुम्हाला चष्मा कधीपासून आहे? त्या रात्री होता का?" मी म्हटलं, होता, घरातून निघताना आमच्या यांनी आठवणीने घ्यायला लावला होता. न्यायाधीशही जरा हसले. मला हसू आलं नाही, हे आदल्या वर्षीच गेले.

मग सरकारी वकिलांनी पाकीट काढलं. लाख जशीच्या तशी, चिठ्ठीवर माझी सही. ही सही तुमचीच का? माझीच. पाकीट फोडलं, मोबाईल बाहेर आला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं, त्यावरचं पिवळं फूल मधोमध फाटलं होतं. हाच का तो मोबाईल? हाच. पंधरा आकडे ताडून पाहिले, एकही चुकला नव्हता.

बाहेर आल्यावर वकिलांना विचारलं, ती मुलगी कधी येणार? ते म्हणाले, समन्स परत आलंय. साक्षीदाराला समन्स रजिस्टर पोस्टानेही पाठवता येत होतं, तसं पाठवलं होतं. त्यांनी फाईल उघडून लिफाफा दाखवला. त्यावरचा शेरा वाचायला मला चष्माही लागला नसता, असे शेरे मी आयुष्यभर पाहिले आहेत. 'पत्ता न देता सोडून गेली.' काही महिने संरक्षणगृहात होती, मग घरी पाठवली, घरून कुठे गेली ते माहीत नाही. आरोपी मात्र जामिनावर बाहेर, दर तारखेला वेळेवर हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. वकील सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगणार की ती खोलीत होती आणि नोटा याच्या खिशात मिळाल्या. पण फसवून आणलं, कार्ड काढून घेतलं, मारलं, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?" मॅजिस्ट्रेटसमोर तिचा जबाब झालेला आहे, पण उलटतपासणीशिवाय तो एकटा पुरत नाही, असंही त्यांनी समजावून सांगितलं.

सरकार काही करत नाही असं माझं म्हणणं नाही. मानवी व्यापारविरोधी पथक आहे. मुलांसाठी गोव्याने २००३ साली स्वतःचा कायदा केला आणि वेगळं बाल न्यायालय काढलं, तेही देशात फार कोणाला सुचलं नव्हतं तेव्हा. जुन्या दंडसंहितेचं कलम ३७० बदलून २०१३ साली मानवी व्यापार हा स्पष्ट गुन्हा झाला, आता तो भारतीय न्याय संहितेत कलम १४३ खाली आहे. मोठा सर्वंकष कायदा यायचा होता, त्याचं विधेयक २०१८ ला लोकसभेत मंजूर होऊनही पुढच्या वर्षी ती लोकसभा विसर्जित झाली तसं तिच्याबरोबरच बुडालं. त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. आहे त्या कायद्यातच मला हवं ते बहुतेक सगळं आहे.

मोबाईलचंच घ्या. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजाची नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४९७ प्रमाणे मुद्देमाल कोर्टापुढे आला की १४ दिवसांत त्याचं वर्णन तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांत तो कोणाला परत द्यायचा की काय करायचं याचा आदेश द्यायचा. फोटो पुरावा म्हणून चालतो. म्हणजे आतली माहिती उतरवून घेऊन पीडितेचा मोबाईल दोन महिन्यांच्या आत तिच्या हातात देता येईल. माझ्या वेळी जुना कायदा होता, तरी अर्जावरून वस्तू परत मिळायची सोय त्यातही होतीच. अर्ज करणारं माणूस नव्हतं. एवढं तरी करा की लाख लावण्याआधी मुलीला विचारून तिच्या आईचा, बहिणीचा, कोणाचा म्हणेल त्याचा नंबर एका कागदावर लिहून तिच्या हातात द्या. याला शासन निर्णय लागत नाही, बॉलपेन लागतं.

साक्षीचंही तेच. मानवी व्यापारातून सुटलेल्या मुलांना साक्षीसाठी पुन्हा परराज्यात फरपटत आणू नये, त्यांच्या जवळच्या कोर्टातून किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून व्हिडिओवर साक्ष घ्यावी, अशी कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केली. मग २२ वर्षांच्या मुलीने काय घोडं मारलंय? नव्या संहितेत कलम ५३० खाली साक्ष इलेक्ट्रॉनिक माध्यमातून घेता येते. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, पोलिसाच्या सोबतीने, गावात सगळ्यांच्या देखत निघायचं, आणि इथं आल्यावर कळायचं की न्यायाधीश रजेवर आहेत. मी वीस मिनिटांच्या अंतरावरून तीनदा गेले तर कंबर धरली. ती का येईल?

आता पत्त्याचं बोलते, हा माझा विषय आहे. माणूस पत्त्यावर टिकतो तो त्या पत्त्यावर त्याचं काही येत असेल तर. पीडितांना नुकसानभरपाई देण्याची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, नव्या संहितेत ती कलम ३९६ मध्ये आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रक्कम ठरवतं आणि तातडीची अंतरिम मदतही देता येते. ही मदत मुलीला घरी पाठवण्याआधी मंजूर झाली पाहिजे. आणि ती जमा व्हायला तिच्या एकटीच्या नावाचं खातं पाहिजे, भावाच्या नाही की काकाच्या नाही. २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक आहे. पोस्टमन मशीन घेऊन दारात जातो, आधार नंबर आणि बोटाचा ठसा घेऊन दहा मिनिटांत खातं उघडतो. आधार दलालाने नेलं असेल तर दुसरी प्रत निघते. मुळात कार्डच नसेल तर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय, आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर आधार मिळावं याला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मान्यता दिली आहे. संरक्षणगृहात महिन्यातून एकदा पोस्टमन गेला तर हे सगळं तिथल्या तिथे होईल. निवृत्त झाले तरी सांगते, आमचे पोस्टमन आनंदाने जातील.

संरक्षणगृहाबद्दल थोडं जपून लिहिते, कारण आत मी गेलेले नाही. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात कलम १७ आहे. त्याखाली मॅजिस्ट्रेट चौकशी करून मुलीला एक ते तीन वर्षं तिथं ठेवायचा आदेश देऊ शकतात. अल्पवयीन मुलीसाठी ते समजतं. सज्ञान बाईचं काय? मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अशा तीन बायकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवता येणार नाही म्हणून सोडलं. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ साली राज्यांना सांगितलं की संरक्षणगृहांची पाहणी करा आणि मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना सोडायची कालबद्ध कार्यवाही करा. आपल्याकडे ही पाहणी झाली असेल तर तिचा निष्कर्ष आपण छापावा, ही विनंती. दलालाच्या खोलीला बाहेरून कडी होती. सरकारच्या दारालाही बाहेरूनच कडी असेल तर 'सुटका' हा शब्द मथळ्यात घालताना आपल्या उपसंपादकांनी जरा थांबावं.

(त्या फ्लॅटचं म्हणाल तर चार महिन्यांत तिथं 'हॉलिडे होम'ची पाटी लागली. तोरण तेच आहे. या कायद्यात जागेला टाळं ठोकायची सोय आहे, हॉटेल असेल तर परवाना तीन महिने ते वर्षभर निलंबित करायचीही आहे. तिचा उपयोग किती वेळा झाला हे पंचायतीला आणि पर्यटन खात्याला विचारायला हवं. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

आपल्याकडूनही एक गोष्ट हवी. छाप्याच्या बातमीबरोबर तोंडाला ओढणी बांधलेल्या मुलींचा फोटो कृपा करून छापू नका. चेहरा पुसट केला तरी तिच्या गावातले लोक तिचा ड्रेस ओळखतात, चालणं ओळखतात. सर्वोच्च न्यायालयाने त्याच मे २०२२ च्या आदेशात छाप्याच्या वेळी ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्यायला माध्यमांना सांगितलं आहे. त्या जागेत त्याऐवजी दोन वर्षांपूर्वी याच सुमाराला पडलेल्या एखाद्या छाप्याचं पुढे काय झालं ते छापा. केस कुठवर आली, साक्षी किती झाल्या, समन्स किती परत आली. कोर्टात एक फेरी मारली की मिळण्यासारखी माहिती आहे.

शेवटी माझ्यापुरतं. कलम १७ मध्येच एक पोटकलम आहे, ते वकिलांनी दाखवेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मुलीला कुठे ठेवायचं, घरी पाठवायचं की नाही, घर खरंच सुरक्षित आहे का, हे ठरवताना मॅजिस्ट्रेटना मदतीसाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचं मंडळ बोलावता येतं, आणि शक्यतो त्यांत तीन स्त्रिया असाव्यात. आमच्या भागात असं मंडळ बसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. प्रतिष्ठित म्हणजे काय ते मला नक्की सांगता येणार नाही, पण निवृत्त शिक्षिका, नर्स, बँकेतल्या, पोस्टातल्या बायका प्रत्येक गावात आहेत आणि दुपारी मालिका बघत बसल्या आहेत. नावांची यादी करायची असेल तर माझ्या ओळखीच्या सहा जणींना मी विचारून ठेवलं आहे. चौघी हो म्हणाल्या, एकीचे गुडघे दुखतात, एकीचा मुलगा नको म्हणतो.

माझ्या केसची पुढची तारीख लागली आहे. मोबाईल परत पाकिटात गेला आहे. त्या मुलीला तो मिळावा म्हणून काही करता येईल का असं मी वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, अर्ज मालकिणीने करावा लागतो. मंडळ कधी बसलंच तर मला बुधवार सोडून कुठलाही दिवस चालेल, सकाळी दहानंतर. चष्मा घेऊन येईन.

आपली नम्र,
एक पंच, बार्देश
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, तो छापू नये.)